आधी ओठ बघू द्या

आमचे बिराजदार डॉक्टर नाडी, छाती सगळं नंतर बघायचे. आधी वाकून पेशंटच्या तोंडाचा वास घ्यायचे. बाईमाणूस असलं की पदर तोंडावर ओढून घ्यायचं, अन् नवरा दारातून डोळे वटारायचा. डॉक्टर खुशाल सांगायचे, "कांदाभाकर खाल्लीय. आज ऑपरेशन न्हाई."

ते भूल देणारे. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं, दवाखान्यावर नवा बोर्ड लागला होता. भूल देणारा माणूस मात्र तोच, एकटा. मी ऑपरेशन थेटरातली सिस्टर, म्हणून त्यांच्या तऱ्हा मला पाठ. उपाशीपोटी टेबलावर यायचं हे आमच्याकडच्या लोकांना पटतच नसे. एवढं पोट चिरायचं, मग अंगात ताकद नको? घरचे गुपचूप चारून आणायचे अन् वर शपथा घ्यायचे. डॉक्टर ओरडायचे, "भुलीत उलटी झाली की अन्न छातीत जातंय, जीव जातोय! पोट खरं बोलतंय, माणूस न्हाई!"

त्यांचं स्वतःचंही एक विचित्रच. चहा पुढं केला की प्रश्न ठरलेला, "पेशंट प्याला का?" ऑपरेशनच्या दिवशी पेशंटच्या घशात पहिला घोट उतरेपर्यंत ह्यांच्याही घशात काही जायचं नाही.

"सर, हा उपास कुण्या देवाचा?" मी चेष्टा करायची.

"भुलीच्या देवाचा," एवढंच म्हणायचे. नाटकं मेली, असं मला वाटायचं.

एका दुष्काळी साली जळकोटकडची मथुराबाई आली. पोटात ही एवढी गाठ. तोंडाला वास नाही, सर्जन हातमोजे चढवून तयार. डॉक्टर मात्र तिच्या ओठांकडं बघत राहिले. त्या साली वॉर्डातल्या सगळ्यांचे ओठ फुटलेले होते. हिचे ओले होते.

"मावशे, पाणी पिलीस?"

"न्हाई वो."

"मावशे!"

ती रडायलाच लागली. "नळाला आलं होतं. आलेलं पाणी सोडून द्यावं व्हय? तांब्याभर पिले."

सर्जन भडकले. "अहो, पाण्यानं काय होतंय? आज हिला परत धाडलं तर ही पुन्हा यायची नाही!" ते खरंच होतं. गावी गेली असती तर ती गाठ पोटात घेऊनच मेली असती.

"परत कोण धाडतंय? दुपारी घेऊ," डॉक्टर म्हणाले. अन् स्टूल ओढून तिच्या खाटेशी बसले ते दुपारपर्यंत हलले नाहीत. तिला नळाकडं बघूसुद्धा दिलं नाही.

गाठ निघाली. मथुराबाई शुद्धीवर आली ती पाणी मागतच. डॉक्टर ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवत, "जरा थांब, मावशे," म्हणत राहिले. सांज झाली तेव्हा कुठं त्यांनी मला मान हलवून खूण केली. मी पाण्याचा चमचा तिच्या तोंडाशी नेला, तर बाईनं तोंड मिटून घेतलं. आता तीच डॉक्टरांचे ओठ निरखत होती.

"आधी ह्या लेकराला द्या, सिस्टर," ती पुटपुटली. "ओठ बघा की, कसे सुकून गेलेत. सकाळधरनं माझ्यासंगं उपाशी हाय."

डॉक्टरांनी तोंड फिरवलं. एकट्या माणसाचं घर. जेवलास का, असं विचारणारं तिथं कुणी नव्हतं. अन् इथं आम्ही नुसते हसत होतो.

"तू पी, मावशे," ते कसंबसं म्हणाले.

मावशी तोंड उघडेना. शेवटी मी पेला भरून त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी आमचे डॉक्टर पहिल्यांदा पेशंटच्या आधी पाणी प्याले.