चुरीमामांची मांडी

सुई नुसती दिसली तरी चुरीमामा डोळे मिटून घेतात. इंजेक्शन दुसऱ्याला असलं तरी दंड यांचा आखडतो. आणि तरीही बोईसरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बहुतेक पोरांचे कान याच माणसाच्या मांडीवर टोचले गेले आहेत.

त्याचं असं आहे. कान टोचताना बाळाला मामाच्या मांडीवर बसवायची रीत. पण आमच्या बिल्डिंगमधली माणसं कारखान्यांपायी आलेली, कुणी सोलापूरची, कुणी थेट बिहारची. बाळ इथे आणि मामा गावाला. मग तळमजल्यावरच्या चुरीमामांना निरोप जातो. "मामाजी, कल मुन्ने का कान है." एवढं दारातून सांगितलं की मामा घाबरायला लागतात.

आधी नखं कापतात. टॉवेल उकळून वाळत घालतात. सकाळी धोतर नेसतात, कारण पँटची शिवण बाळाला रुतेल. सोनार आला की त्याची उलटतपासणी. "तार उकळलीस? हात धुतलेस? साबनानं? माझ्यासमोर धू." मग बाळाचं डोकं छातीशी धरतात, डोळे घट्ट मिटतात आणि पुटपुटू लागतात, "झालं, झालं, झालं."

सोनार म्हणतो, "मामा, मी अजून डबी उघडली नाय."

एवढी भीती वाटते तर बसता कशाला, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते बिल्डिंगमधल्या प्रत्येक बापाला भावोजी म्हणतात. "भावोजी, आईच्या मांडीवर दुखलं तर पोर आईवर रुसतं. मग त्यानं जायचं कुठं? मामावर रुसलं तर काय बिघडत नाय."

आणि पोरं खरंच रुसतात. मामा दिसले की अर्धी बिल्डिंग भोकाड पसरते. एकाने तर यांना बघून तोंडातलं बिस्कीट फेकून मारलं होतं. त्यामुळे हा माणूस भाजी आणायला मागच्या गल्लीने जातो. पण कान बघायला मात्र रोज जातो. लांबूनच, दाराआडून. "लाल हाय का? पानी येतं का? तुमी हात तर लावत नाय ना?"

मी स्वतः काही शूर नाही. माझी मुलगी तन्वी मामांच्या मांडीवर किंचाळत होती तेव्हा मी जिन्यात चपला राखत उभा होतो. चपला कुणी नेणार नव्हतं.

तीच तन्वी आता पालघरला कॉलेजात जाते. गेल्या वर्षी तिने जाहीर केलं, कानाच्या वरच्या कडेला टोचून घेणार. बायको म्हणाली, "घे की. माझ्या आजीच्या बुगड्या तिथंच होत्या." वरचा भाग कडक, तिथे बिघडलं तर लवकर बरं होत नाही, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. नाही म्हणायचं धाडस झालं नाही. हो म्हणायचंही झालं नाही. मी मामांकडे गेलो.

मामा माझ्याहून जास्त घाबरले. पण म्हणाले, "टोचायच्या बंदुकीनं नको. वरच्या कडक भागाला बंदूक वाईट. सुईच पायजे, कोरी, आपल्यासमोर फोडलेली. मी येतो."

स्टेशनजवळच्या त्या दुकानात हातमोजे घातलेली एक मुलगी होती. मामांनी तिला सळो की पळो करून सोडलं. सुई कोरी आहे ना, दागिना कसला आहे, निकेल तर नाही ना, किती दुखेल, बरं व्हायला किती दिवस. "दिन नहीं अंकल, महीने लगते हैं," ती म्हणाली. मग मामांच्या कपाळावरचा घाम बघून, "आप को चक्कर आ रहा है क्या? बाहर बैठिए."

"मामा इथेच बसेल," तन्वी म्हणाली. तिने त्यांचा हात धरला होता. मी बाहेर स्कूटरजवळ होतो. स्कूटरला कुलूप होतं.

घरी येईपर्यंत मामांनी नेम घालून दिले. मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचं. दागिना गोल फिरवायचा नाही. हळद नको, तेल नको. त्या कुशीवर झोपायचं नाही. आणि समुद्रात डुबी मारायची नाही, पार बरं होईपर्यंत. तन्वी हसत हो म्हणाली.

पुढे एका रविवारी ती मैत्रिणींबरोबर केळव्याच्या समुद्रावर गेली. आल्यापासून केस मोकळे सोडून वावरायला लागली. मला वाटलं, फॅशन.

चार-सहा दिवसांनी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, तर मामा पार्किंगमध्ये माझी वाट बघत उभे. चेहरा पांढराफटक. मला खांबाआड नेलं.

"भावोजी, तिनं मला शपथ घातली हाय. सांगू नको म्हनाली, बाबा घाबरतील, आई बोलेल. पन कान बघितला मी. टम्म फुगलाय वरून. शेकोटीसारखा गरम."

मी जिन्याकडे वळलो. "मी आत्ता तो दागिना काढून टाकतो."

"काढू नका. भोक मिटलं तर आतलं आतच ऱ्हाईल. डॉक्टर काय ते ठरवील. आताच न्या." मग म्हणाले, "मी सांगितलं म्हनू नका. पोर बोलायची नाय माझ्याशी."

मी मान डोलावली. वर जाऊन तन्वीचे केस बाजूला केले. कान कानासारखा दिसतच नव्हता. अंग तापलेलं होतं. पालघरला जाताना रिक्षात मी तोंडाने देवाचं नाव घेत होतो आणि डोळ्यांपुढे एका बाजूला कान नसलेली माझी मुलगी येत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कान बघून भुवया चढवल्या. आतला पू काढावा लागेल म्हणाल्या. "आणखी उशीर केला असतात तर हा कान पुन्हा सरळ झाला नसता. कुणी ओळखलं वेळेवर?"

तन्वीने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कुणी सांगितलं, बाबा?"

मी ओळखलं, असं म्हणता आलं असतं. पण डॉक्टरीणबाईंच्या हातात सुई होती, मला काही सुचेना, आणि तोंडातून निघून गेलं, "मामांनी."

तिने मान फिरवली. पू काढताना तिने माझा हात धरला. या खेपेला मी बाहेर गेलो नाही. पण जो हात तिला हवा होता तो माझा नव्हता, हे मला कळत होतं.

घरी आल्यावर मी मामांकडे गेलो. कान वाचेल म्हणून सांगितलं. मग दुसरंही सांगितलं, मान खाली घालून.

ते टॉवेलाची घडी घालत राहिले. "असू दे. तुमच्यावर रुसली असती तर तुमाला जेवन गेलं नसतं."

"मामा, तुमच्या सख्ख्या भाचरांनीही असाच राग धरला होता का?" मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं.

"मला बहीनच नाय, भावोजी," ते म्हणाले. "आईला मी एकटाच."

इतकी वर्षं बिल्डिंगमध्ये कुणी हे विचारलं नव्हतं.

तन्वी त्यांच्याशी बोलेना. मी समजावलं, बायकोने समजावलं. "शपथ मोडली त्यांनी," एवढंच तिचं उत्तर. मामाही वर येईनात. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मामांची खुर्ची फाटकाच्या उजव्या अंगाला असायची, सावलीत. ती आता डाव्या अंगाला आली होती, भर उन्हात. तन्वी कॉलेजातून येताना तिचा तो टोचलेला कान त्याच बाजूला यायचा. पण केस मोकळे असायचे, त्यामुळे मामांना काहीच दिसत नसणार. तरी ती घरात शिरेपर्यंत ते मान वळवून बघत बसायचे.

औषध संपत आलं त्या सुमारास मी गॅलरीत उभा होतो. तन्वी रस्त्याने येत होती. फाटकाशी आल्यावर तिची चाल मंदावली. मामांकडे तिने बघितलं नाही, बोलली तर नाहीच. सरळ समोर बघत तिने हात वर केला, त्या बाजूचे केस उचलून मागे घेतले, आणि मामांच्या खुर्चीसमोरून अगदी सावकाश पुढे गेली.