झाकण उचलणाऱ्या गोदाकाकू

आमच्या गोदाकाकू कुणाच्याही घरी गेल्या की चप्पल काढतात आणि थेट चुलीपाशी जाऊन भांड्याचं झाकण उचलतात. "हिरवं कुठाय?" हा पहिला प्रश्न. ख्यालीखुशाली नंतर. अंगणवाडीतून त्या निवृत्त झाल्या, सवय मात्र निवृत्त झाली नाही. आमच्या अणदूर गावात काकूंची चाहूल लागली की बायका घाईघाईनं आमटीवर कोथिंबीर पसरतात. काकू ती पळीनं बाजूला सारतात. "हे तर नुसतं कुंकू लावलंय! भाजी कुठाय?"

मीही सुटलो नाही. "मास्तर, चहात मैदा बुडवून खाताय? त्यानं रगत वाढतंय व्हय?" तेव्हापासून मी बिस्किटं वर्तमानपत्राआड खातो.

शेजारच्या बबनरावांची सून राधा. सातवा महिना, पापण्या आतून पांढऱ्याफटक, तपासणीत रक्त फारच कमी निघालेलं. घरची रीत अशी, की आधी गडीमाणसं, मग सासू, शेवटी सून. तिच्या वाट्याला आमटीचं पाणी. काकूंनी सासूला, शांताबाईंना, परोपरीनं समजावलं.

"आमी न्हाय का शेवटी जेवलो? मेलो का?" शांताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वक्ताला काकू त्यांच्या घरात हजर! "वाढा. पण मला एकटीला घास उतरत न्हाय. राधा, बस माझ्याजवळ."

पाहुणीला नाही कसं म्हणणार? दोन ताटं वाढली गेली. हात लावायच्या आधीच काकूंनी आपली मेथी आणि उसळ राधाच्या ताटात सरकवली. असं रोज, दोन महिने.

"काकू, तुमची चूल विझली का काय?" बबनराव टोमणा मारायचे.

"विझली की! शांताबाईच्या हाताला चव लई," म्हणत काकू आणखी भाजी मागायच्या. गाव त्यांना फुकटी म्हणू लागलं.

राधा सुखरूप बाळंत झाली. मी काकूंकडे गेलो, तर त्या तिच्यासाठी अळीव निवडत बसलेल्या.

"काकू, एवढं ऐकून घेतलंत. कशासाठी?"

त्यांचे हात थांबले. "मास्तर, म्या गावाला शिकवत फिरायचे, तवा घरी माझी सून शेवटीच जेवायची. तिला दिवस गेले तरी माझ्या ध्यानात आलं न्हाय. लेकरू राहिलं न्हाय."

त्या पुन्हा अळीव निवडू लागल्या.

"आता पुण्याला असते. सणाला लुगडं धाडते. त्यावरून मला एका शब्दानं बोलली न्हाय कधी."

त्यांनी अळिवातला एक खडा शोधून बाजूला टाकला.

"बोलली असती तर बरं झालं असतं."