होकार, नकार आणि जुलैतला पाहुणा

आखाताच्या काठावरच्या आमच्या शहरात पर्यटन खात्याचा एक 'अतिथी शंका निरसन कक्ष' आहे. मी, खलफान, त्या कक्षाचा प्रमुख. परदेशातून फोन येतो, पाहुणा शंका विचारतो, मी तिचे निरसन करतो. उंटावर बसता येते काय? येते. मासळी ताजी मिळते काय? मिळते. काम इतके सुरळीत चालते की कक्षात माझ्याखेरीज दुसरा माणूस नेमलेला नाही, आणि बरेचदा माझेही तिथे असणे आवश्यक नसते.

यंदा जूनच्या मध्यावर नॉर्वेहून एक फोन आला. बोलणारे गृहस्थ श्री. हाउगेन, एका शाळेत भूगोल शिकवणारे.

"आमच्या शाळेला जुलैत सुट्टी असते," ते म्हणाले. "तुमच्या देशात यायचं मनात आहे. जुलैत यावं की नाही, तेवढं सांगा."

"या की. घर तुमचंच आहे," मी म्हणालो.

"ते झालंच. पण यावं का? हो की नाही, स्पष्ट सांगा."

इथे घोडे अडले. एरवी मी खजुराच्या जाती सांगितल्या असत्या, आजोबांच्या काळच्या विहिरी सांगितल्या असत्या आणि दोघांनी समाधानाने फोन ठेवला असता. परंतु गेल्या वर्षी खात्याने एक परदेशी सल्लागार नेमला होता. त्याने भरपूर मानधन घेऊन असे सुचवले की प्रत्येक शंकेला 'हो' किंवा 'नाही' असे स्पष्ट उत्तर गेले पाहिजे, आणि एक जरी शंका अनिर्णित असेल तरी कक्षप्रमुखाची वार्षिक रजा मंजूर होऊ नये. सूचना तत्काळ अमलात आली. सल्लागार स्वतः जूनमध्येच मायदेशी निघून गेला.

आणि माझी रजा जुलैत होती. जुलैत आमच्या शहरात कोणीच नसते. म्हणजे इमारती बांधणारे, रस्ते झाडणारे, एसी दुरुस्त करणारे, दुकाने चालवणारे असे काही लाख लोक असतात, पण त्यांना 'कोणी'मध्ये धरायची पद्धत नाही. बाकी सारे थंड हवेच्या देशांत गेलेले असतात. आम्ही तुर्कस्तानात त्राब्झोनच्या डोंगरात जातो. मी, माझी बायको मोझा आणि थोरला हुमैद धरून तिन्ही मुले. तिथे मी चालतो. वर्षाचे अकरा महिने मी घरातून गाडीत आणि गाडीतून लिफ्टमध्ये असतो. त्राब्झोनला मात्र लोकरी टोपी घालून, हात मागे बांधून, धुक्यातून चालत सुटतो. संध्याकाळी गुडघे दुखतात आणि मी सुखी असतो. त्या सुखासाठीच मी उरलेले अकरा महिने नोकरी करतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मी संचालक सुहैल यांच्याकडे गेलो. राशिदचे वडील म्हणून त्यांना सगळे अबू राशिद म्हणतात.

"'नाही' असं कळवून टाकू का?" मी विचारले.

अबू राशिद यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांच्या खुर्चीवर पाय ठेवला होता. "पाहुण्याला येऊ नको म्हणायचं? खलफान, तुझ्या आजोबांच्या तंबूला दार होतं का रे?"

"नव्हतं."

"का नव्हतं? पाहुणा आला तर लावायचा मोह होऊ नये म्हणून. आणि तू सरकारी फोनवरून दार लावायला निघालास."

"मग हो कळवतो."

"आणि त्याला काही झालं तर? गेल्या साली आलेल्या एका जोडप्याच्या बुटांचे तळवे डांबराला चिकटले ते अजून तिथेच आहेत. हो म्हणायला हवामान खात्याचा दाखला लागेल."

इकडे आड तिकडे विहीर, आणि आमच्याकडे दोन्ही कोरडी. दाखला मात्र त्याच दिवशी मिळाला. त्यात आमच्या शहराचे जुलैतले अधिकृत तापमान चोवीस अंश दिले होते. मी तिथल्या अधिकाऱ्याला फोन लावला.

"चोवीस कसं?"

"तापमान वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला उन्हात उभं करणं नियमात बसत नाही हो. म्हणून तापमापक आत आणलाय."

"आत म्हणजे कुठे?"

"कार्यालयात. एसीखाली. वाचायला फार सोयीचं पडतं."

"मग बाहेर किती असतं?"

"बाहेर आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही," तो नम्रपणे म्हणाला.

दाखला पाहून अबू राशिद समाधानी झाले, पण त्यांची सदसद्विवेकबुद्धी सरकारी नव्हती. ते म्हणाले, "कागद ठीक आहे. पण पाहुणा काही कागदावरून चालणार नाही, रस्त्यावरून चालणार. आधी आपल्यापैकी कुणीतरी चालून बघावं." त्यांनी बैठक बोलावली आणि भर दुपारी उन्हाळ्यात पायी चालल्याचा अनुभव कोणाला आहे, असे विचारले. अनुभव कोणालाच नव्हता. अबू राशिद यांनी स्वतः पन्नाशी ओलांडली असली तरी एसीचा आवाज वाढला की उन्हाळा आला, एवढीच त्यांची उन्हाळ्याशी ओळख होती. शेवटी ठराव झाला आणि माझी 'चाचणी पाहुणा' म्हणून नियुक्ती झाली. भर दुपारी कार्यालयापासून मासळीबाजारापर्यंत पायी जायचे आणि अहवाल द्यायचा.

मी दहा-पंधरा पावले टाकली असतील नसतील, तोच एक गाडी कचकन थांबली.

"भाऊ, गाडी बंद पडली का?" आतल्या तरुणाने विचारले.

"नाही. चालतोय."

"चालताय?" त्याने गाडी बंदच केली. "घरात भांडण झालं का? असू दे, होतं. बसा आधी आत."

"अरे, मला चालायचंच आहे."

"रागात माणूस असंच म्हणतो. तुम्हाला इथे सोडून गेलो तर माझी आई मला घरात घेईल का?"

त्याने मला बळेबळे बाजारात सोडले. मी परत येऊन पुन्हा सुरुवात केली. आता एक अख्खे कुटुंब थांबले आणि मला ताक पाजून घेऊन गेले. पुढच्या खेपेला पोलीस थांबले. सरकारी कामासाठी चालतो आहे, असे सांगताच त्यांनी एकमेकांकडे पाहिले, माझ्या कपाळाला हात लावला आणि मला दवाखान्यात नेले. तिथे सलाइन लावले. रस्त्याकडेला डांबर टाकणारी माणसे डोक्याला फडकी गुंडाळून हा सगळा तमाशा पाहत होती. त्यांच्यासाठी कोणी गाडी थांबवली नाही, कारण ती चालत नव्हती, काम करत होती.

मी अहवालात लिहिले की वारंवार प्रयत्न करूनही सदर अधिकाऱ्यास उन्हापर्यंत पोहोचता आले नाही. अबू राशिद म्हणाले की अहवाल उत्तम आहे, पण त्यातून होही निघत नाही आणि नाहीही निघत नाही, आणि जुलै तर तोंडावर आला. अखेर मी ठरवले की आडून आडून सुचवावे. माणूस शिक्षक आहे, शहाण्याला शब्दाचा मार पुरे. मी नॉर्वेला फोन लावला.

"जुलैत आमच्याकडे पाखरं उडत नाहीत, सावलीसावलीनं चालतात," मी म्हणालो.

"काय सांगता? हे मला मुलांना सांगायला हवं."

"समुद्राचं पाणी कढत असतं."

"वा. आमच्याकडे ते कधी कोमटसुद्धा होत नाही."

"शहरात कुणी नसतं. सगळी दुकानं संध्याकाळपर्यंत ओस."

"म्हणजे गर्दी नाही. फारच छान. पण तुम्ही अजून स्पष्ट सांगितलं नाहीत. यावं का?"

त्या दिवशी मी घरी जाऊन डोक्याला हात लावून बसलो. मोझा बॅगा भरत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि मुलांचे स्वेटर घडी करता करता तोड काढली.

"अबू हुमैद, तुम्हाला नको म्हणता येत नाही. पण आग्रह तर करता येतो ना? असा आग्रह करा की तोच शरमेनं नको म्हणेल."

"चालेल हे?"

"न चालायला काय झालं? तुमच्या बहिणीला मी लग्न झाल्यापासून दर ईदला राहायलाच बोलावते. आली कधी?"

मला एकदम हायसे वाटले. आमच्याकडे रीतच आहे. बोलावणाऱ्याने जीव तोडून बोलवायचे, बोलावलेल्याने तीनदा नको म्हणायचे, आणि दोघांनी अब्रूनिशी आपापल्या घरी जायचे. सल्लागाराला हवा तो स्पष्ट नकारही मिळणार होता, आणि तो आम्ही दिलेला नसणार होता. मी लगेच फोन लावला.

"श्री. हाउगेन, तुम्ही हॉटेलात उतरायचं नाही. माझ्या घरी उतरायचं."

"खरंच?" ते म्हणाले.

'नको' आले नाही. मी जोर वाढवला. "आणि एकटे येताय का? सगळ्यांना आणा."

"बायको आणि दोन मुलगे आहेत."

"आणा. आणि दोनचार दिवस नाही हं, महिनाभर राहायचं. नाही राहिलात तर मी तुमचं तोंड बघणार नाही."

एसी चालू असूनही मला घाम फुटला होता. पलीकडे ते बायकोशी आपल्या भाषेत काहीतरी बोलत होते. कुठल्याही चांगल्या घरातला माणूस नको म्हणतो ती हीच जागा. मग त्यांचा आवाज आला, आणि तो भरून आलेला होता.

"खलफान, आम्हाला आजवर कुणी असं बोलावलं नव्हतं. आमच्याकडे चहाला जायचं तरी आधी तारीख ठरवावी लागते. आम्ही दहा तारखेला येतो. महिनाभर राहतो."

"काय म्हणाला?" मोझाने विचारले.

"हो म्हणाला."

"पहिल्याच खेपेला?" ती मटकन बॅगेवर बसली. "कुठल्या घरचा माणूस आहे हा?"

अबू राशिद मात्र बेहद्द खूश झाले. शंकेचे उत्तर 'हो' असे स्पष्ट मिळाले होते आणि ते पाहुण्याने स्वतःच दिले असल्याने जबाबदारी कोणावरच येत नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे माझी रजा मंजूर केली, नियमानुसार पूर्ण महिन्याची. पण पाहुणे घरात असताना यजमानाने परगावी असणे कोणत्याच नियमात बसत नाही. मोझा मुलांना घेऊन गेली. मी माझ्या घरी रजेवर राहिलो. त्यांना विमानतळावर सोडून परतताना मला रडू आले. घाम म्हणून ते खपवता आले असते, पण गाडीतही एसी होता.

दहा तारखेला हाउगेन कुटुंब आले. विमानतळाच्या दारातून बाहेर पडताच हाउगेन यांच्या चष्म्यावर वाफ धरली. ते होते तिथेच उभे राहिले, मग वळले आणि पुन्हा आत गेले. मी त्यांना समजावून गाडीत घातले. तेव्हापासून महिनाभर ते चौघे माझ्या बैठकीच्या खोलीत अठरा अंशांवर, अंगावर रजया घेऊन, पत्ते खेळत राहिले. बाहेर जायचे नाव कोणी काढले नाही. मी बिर्याणीसारखा आमचा मच्छीभात करून वाढत होतो आणि सकाळ-संध्याकाळ कॉफी ओतत होतो. पुरे झाल्यावर पेला हातात हलवायचा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते पेला रिकामा करून पुढे धरायचे आणि मी भरायचो. सबंध कुटुंब रात्र रात्र जागे असायचे. मोझा फोन करायची, इथे धुके आहे, मुले चालून चालून दमली. मी छान म्हणायचो.

एका दुपारी हाउगेन यांनी पत्ते खाली ठेवले. "खलफान, राग मानू नकोस. मी तुला अगदी स्पष्ट विचारलं होतं."

"आणि मीही स्पष्ट सांगितलं होतं. पाखरं चालतात म्हणालो. समुद्र कढतो म्हणालो. तेही कळेना तेव्हा महिनाभर घरी राहायला बोलावलं. याहून स्पष्ट नकार आमच्याकडे नाही."

हाउगेन यांनी पेला रिकामा करून पुढे धरला. मी त्यांचा पेला भरला. तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलाने विचारले की ही कॉफी थांबते कशी, आणि मी नाइलाजाने पेला हलवून दाखवला.

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?" हाउगेन यांनी विचारले.

"पुरे कसं म्हणायचं ते यजमानानं शिकवायचं नसतं."

जाण्याच्या दिवशी विमानतळावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "आता तुम्ही यायचं. जानेवारीत. सगळे. महिनाभर. नाही आलात तर मी तुमचं तोंड बघणार नाही."

मी ऐकून होतो की त्यांच्या गावी जानेवारीत दिवस उजाडतच नाही आणि दारातले बर्फ फावड्याने उपसावे लागते. "जानेवारीत यावं का?" मी विचारले.

हाउगेन यांनी थोडा वेळ फरशीकडे पाहिले. "घर तुमचंच आहे," ते म्हणाले.

मी तीनदा नको म्हणालो. चौथ्यांदा त्यांनी आग्रह केला नाही, आणि आम्ही एकमेकांना कडकडून भेटलो. महिन्याभरात परक्या माणसाने एवढे शिकावे याचे मला खरोखर कौतुक वाटले. पण माझे त्राब्झोन गेले ते गेलेच.

आता तुम्ही हसत असाल. 'जुलैत येऊ नका, भाजून निघाल', एवढे एक वाक्य, आणि त्यासाठी केवढा हा खटाटोप, असे तुम्हाला वाटत असेल. तुम्ही स्पष्ट बोलणारी माणसे, तेव्हा वाटणे साहजिक आहे. तर एक करा. परवाच्या लग्नात तो जो लांबचा नातेवाईक भेटला, ज्याचा हात हातात घेऊन 'एकदा या हं घरी सगळे, जेवायलाच या' असे तुम्ही म्हणालात आणि पत्ता न देता पंगतीकडे वळलात, त्याला आत्ता फोन लावा आणि वार सांगा. लावा. मी थांबतो.