पयले माह्या हातावर

आमच्या अकोटच्या गल्लीत कोणत्याही लेकराला लावायचे मलम आधी नामदेवकाकांच्या डाव्या हाताला लागत असे.

काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि हाताची त्यांनी रीतसर वाटणी केली होती. मनगट म्हणजे अकोट, कोपर म्हणजे अकोला, मधोमध चोहोट्टा बाजार. खोबरेल असो, कडुनिंबाचा लेप असो की दुकानातली नवी ट्यूब, ते एखाद्या स्टॉपवर चढवायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहायची. कातडी शांत राहिली तर काका "टिंग टिंग!" म्हणत. "डबल बेल झाल्याबिगर गाडी हालत नाही," हे त्यांचे ब्रीद.

येणारेजाणारे विचारत, "काका, चोहोट्ट्याले काय हाल?"

"खाजून राह्यलं थोडं," काका गंभीरपणे सांगत.

हसणाऱ्यांत मीही असे.

ती कापसाच्या पडत्या भावाची वर्षे होती. गावाला बोलायला चांगला विषय उरला नव्हता, आणि म्हणूनच की काय, माझ्या चार वर्षांच्या पूर्वाचा इसब साऱ्या गल्लीचा झाला. कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळ्या ती झोपेतही रक्त येईपर्यंत खाजवी. अकोल्याच्या डॉक्टरांनी आंघोळीनंतर ओलसर अंगावर चोपडायला साधे तेलकट मलम दिले होते, आणि लाल झालेल्या जागेवर पातळ लावायला एक ट्यूब. उतार पडत होता. पण खोक्यावर 'स्टेरॉइड' हा शब्द वाचून मी घाबरलो आणि ट्यूब गुपचूप कपाटात मागे सारली. मग मोर्शीच्या चुलतभावाने बिब्ब्याचे तेल दिले. एका दिवसात इसब जाळते, म्हणे.

बाटली उघडतो तोच काका दारात.

"पयले माह्या हातावर!"

"काका, ही काय तुमची एसटी आहे? घरी जा."

"जातो ना. बाटली घेऊन जातो."

आणि खरेच घेऊन गेले. त्यांच्या मागे, चार माणसांदेखत, मी त्यांना वेडा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अकोटपासून चोहोट्ट्यापर्यंत टरारून फोड आले होते. "रस्ता बंद," काका म्हणाले. हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते.

पूर्वाला आणि काकांना घेऊन मी अकोला गाठले. डॉक्टरांनी काकांचा हात पाहिला, मग पूर्वाचे सोललेले कोपर.

"मी दिलेली ट्यूब कोणी बंद केली?"

मी फरशीकडे पाहू लागलो.

"म्याच, सायेब," काका म्हणाले. "तपासाले नेली होती, वापस द्याची राहून गेली."

"ट्यूब मुलीची आहे, तुमची नाही! मी सांगेन तितकी लावायची, मी सांगेन तेव्हा थांबवायची." दवाखाना ऐकत होता. काका शाळकरी पोरासारखी मान डोलवत होते.

पूर्वाची कातडी पुढे निवळली. इसब अधूनमधून डोके वर काढी, पण उपाय ठाऊक झाला होता. आज ती बिनबाह्यांचे कपडे घालून गल्लीतून जाते, तेव्हा ओट्यावर बसलेल्या काकांकडे पाहून माझी छाती भरून येते. असा शेजारी साऱ्या वऱ्हाडात कोणाला लाभला असेल?

त्या दिवशी अकोल्याहून एसटीने परतताना पूर्वा त्यांच्या उजव्या खांद्यावर झोपली होती. "काका, काहून केलं असं?" मी विचारले.

ते खिडकीबाहेर पाहत बोलले. "माह्या पोराले, सुधाकरले बी असंच होतं, इच्याएवढा असताना. बिब्बा म्याच लावला. कोनाले इचारलं नाही. आता नागपुरात राह्यते तो. भर उन्हाळ्यातबी पुऱ्या बाह्याचा सदरा घालते."

गाडी गच्च भरलेली होती. मी हळू बोलणारा माणूस. शाळेत शिकवताना मागच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचत नाही. मी उठून उभा राहिलो आणि साऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "काका, ट्यूब मी बंद केली होती. बोलणी तुम्ही खाल्लीत. वर मी तुम्हाला वेडा म्हणालो. माझं चुकलं, काका. मला माफ करा."