हसीपबेंच्या दारातला लोकमा

"पुन्हा या घराची पायरी चढलो, तर हसीप नाव लावणार नाही," असं हसीपबेंनी जिन्यात उभं राहून, चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा बेतानं जाहीर केलं. कारण किरकोळ होतं. नेजाहत हानम, म्हणजे त्यांच्या पत्नी, रेडिओ फार मोठ्यानं लावत. हसीपबे तडक मनिसाला बहिणीकडे गेले. बहीण प्रेमळ होती, पण तिच्याकडे दोन्ही वेळा उकडलेला कोबी असे. आठवडाभरात हसीपबेंचा स्वाभिमानही कोबीसारखाच मऊ पडला आणि नाव तेच ठेवून ते इझमीरला परतले.

गल्लीच्या तोंडाशीच तळणीचा वास आला. पाहतात तो त्यांच्याच इमारतीच्या दारात लोकम्याची गाडी! कढईत पिठाचे गोळे टम्म फुगत होते, तिथून पाकात उड्या घेत होते, आणि रांग पार न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली होती. इझमीरमध्ये अशी गाडी दारात लागली, की घरातलं कुणीतरी बहुधा गेलेलं असतं. गेलेल्याच्या नावानं येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड गोड करायचं. अशा रांगांत हसीपबे जन्मभर उभे राहिले होते. कोण गेलं, हे कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"काय ठाऊक, काका," पुढचा तरुण म्हणाला. "मी वास आला म्हणून बसमधून उतरलो."

त्याच्या पुढची बाई वळली. "दुसऱ्या मजल्यावरचं कुणीतरी म्हणतात."

दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाडं दोनच. एक कायमचं बंद, दुसरं हसीपबेंचं. त्यांनी घरी फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. तेव्हा ते रांग सोडून दाराकडे धावले.

"ओ काका, रांग इकडं आहे."

"अहो, मी इथंच राहतो."

"मागच्या महिन्यात मीही हेच सांगितलं होतं," एक काठीवाले म्हातारबुवा म्हणाले, "तरी मला मागं धाडलं."

गाडी दाराला खेटून उभी होती. आत जायची वाट कढईवरूनच होती. हसीपबे मुकाट्यानं रांगेत परतले.

"नवरा म्हणे घर सोडून गेला बिचारीचा," पुढची बाई शेजारणीला सांगत होती.

"धसकाच घेतला असेल तिनं."

"नवऱ्याचीही काही बाजू असेल," हसीपबे क्षीणपणे म्हणाले.

"असेल की. पण ऐकून घ्यायला आता बाई कुठंय?"

एकदा ती दिसू दे, मग रेडिओ कितीही मोठा लावू दे. वर दुसरा एक आणून देईन, असं हसीपबे मनात म्हणत एकेक पाऊल सरकत होते. तेवढ्यात कादरी न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला आणि त्यांना पाहून पांढराफटक पडला.

"हसीपबे, तुम्ही आहात?"

"म्हणजे?"

"मी तर तुमच्यासाठी दुवा मागितली. चांगली लांबलचक. दोन वाट्या खाल्ल्या."

सारी रांग हसीपबेंकडे पाहू लागली. त्याच वेळी वरची बाल्कनी उघडली. नेजाहत हानम केस नुकतेच सेट करून उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागून रेडिओ असा गर्जत होता, की फोनचं कोडं तिथंच सुटलं.

"नेजाहत, कोण गेलं गं?" हसीपबेंनी खालून ओरडून विचारलं.

"तुम्ही."

"मी इथं उभा आहे."

"आज आलात. आठवडाभर गेलाच होतात ना? घरात आठ दिवस शांतता लाभू दे, लोकमा वाटीन, असा नवस होता माझा. फेडायला नको? पुन्हा कधी मागायची वेळ आली, तर कुठल्या तोंडानं मागू?"

रांगेला हे पटलं. एवढ्यात हसीपबेंचा नंबर आला. गाडीवाल्यानं वाटी पुढं केली, पण हातातून सोडली नाही. रिवाजाप्रमाणे, वाटणाऱ्याचं दान देवानं स्वीकारावं असे दोन शब्द बोलल्याशिवाय लोकमा कुणी घेत नाही. हसीपबेंनी वर पाहिलं, रांगेकडे पाहिलं.

"अल्ला कबूल करो," ते म्हणाले.

वरून दोरीला बांधलेली टोपली हळूहळू त्यांच्या नाकासमोर येऊन थांबली.

"उभेच आहात, तर माझीही एक वाटी टाका यात," नेजाहत हानम म्हणाल्या. "दालचिनी जरा जास्त."