साठा पूर्ण आहे

जगात वस्तू दोनच प्रकारच्या असतात: वापरायच्या आणि ठेवायच्या. वापरायच्या वस्तू झिजतात, फुटतात, शेजारी मागून नेतात. ठेवायच्या वस्तूंना यांपैकी काही होत नाही. म्हणून शहाणा समाज गोदाम बांधतो. लाकडाची ती वखार, देवळातलं ते भांडार, भाताची ती कणगी. पण या सगळ्यांना एक वाईट खोड असते, त्यांतला माल बाहेर येतो. तारकर्लीच्या रस्त्यावर १९९८ साली उभ्या राहिलेल्या आपत्ती निवारण साहित्य गोदामाला ही खोड नव्हती.

गोदामात चाळीस ताडपत्र्या, साठ कंदील, दोरीच्या बारा गुंडाळ्या आणि एक शिट्टी होती. (शिट्टी कशासाठी, याबद्दल पत्रव्यवहार चालू होता.) राखणीला महादू होता. माणूस सरळ, निर्व्यसनी, सरकारी कुलपाला रोज नमस्कार करणारा. दर मार्चमध्ये तपासणीचे साहेब येत, सगळं मोजत आणि नोंदवहीत ‘साठा पूर्ण आहे’ असा शेरा मारत. तो वाचताना महादूच्या डोळ्यांत पाणी येई.

साहित्य हवं असल्यास आपत्तीच्या किमान तीन दिवस आधी, दोन प्रतींत अर्ज करावा, असा नियम होता. एकदा बाबली मच्छीमार ऐन वादळात धावत आला. “महादू, होडी सुटली रे माजी! दोरी दी बेगीन!” महादूला राहवलं नाही. तो घरी पळाला आणि स्वतःच्या विहिरीची दोरी सोडून त्याने बाबलीला दिली. होडी वाचली, साठाही वाचला. महादूची बायको सीता मात्र त्या दिवसापासून शेजारच्या विहिरीवर पाणी भरू लागली.

२००४ च्या पावसाळ्यात शेजारच्या माडाचा नारळ गोदामाच्या सिमेंट पत्र्यावर पडला आणि नारळाएवढं भोक पडलं. पाणी थेट ताडपत्र्यांवर. ताडपत्री पाण्यासाठीच असते असं कुणी म्हणेल, पण भिजलेली ताडपत्री सरकारी व्याख्येत ‘वापरलेली’ ठरते. चाळिसांतली एक भोकावर टाकायची, तर आधी आपत्ती जाहीर व्हायला हवी. आपत्तींच्या यादीत भूकंप होता, वादळ होतं, टोळधाडसुद्धा होती (तारकर्लीत टोळ कुणी पाहिलेला नाही). नारळ नव्हता.

तेव्हा महादूने घरची ताडपत्री आणली. ती सीतेच्या चुलीवरच्या फुटक्या कौलांवर होती. पुढच्या वर्षी जमिनीला ओल आली म्हणून घरची खाट आली. उंदरांसाठी मांजर आलं. आता, गोदामात आलेली वस्तू नोंदवहीत चढते आणि नोंदवहीत चढलेली वस्तू आदेशाशिवाय बाहेर जात नाही. मांजरही ‘नग एक’ म्हणून चढलं. (पिल्लं झाल्यावर नग पाच. वाढीव साठ्याबद्दल महादूला प्रशस्तिपत्रक मिळालं.) २००८ अखेर महादूच्या घरात एकूण सहा नग शिल्लक होते, सीता धरून.

“माज्या चुलीर धार लागली हा,” सीता एकदा गोदामाच्या दारात येऊन म्हणाली. “चाळीस आसत तुमच्याकडे. एक माका द्या.”

महादू उंबऱ्याबाहेर मालवणी बोलत असे, पण त्या वेळी तो आत होता. “अर्जदाराने विहित नमुन्यात मागणी करावी,” तो म्हणाला.

सीतेने केली, दोन प्रतींत. निकाल महादूनेच लिहिला: ‘अर्जदाराच्या कुटुंबाकडे स्वतःची ताडपत्री असल्याचे आढळून येते (हल्ली मुक्काम गोदाम). सबब अर्ज नामंजूर.’ सही करताना त्याने दाराकडे पाहिलं नाही. सही मात्र वळणदार आली.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मोठं वादळ झालं आणि महादूच्या चुलीवरचं छप्परच उडालं. सीता भर दुपारी निथळत गोदामात आली आणि ताडपत्र्यांच्या थप्पीवर बसली. “मी आता हंयसून हलूचंय नाय.”

ती हलली नाही. गोदाम बंद करायची वेळ झाली. महादूने नोंदवही उघडली आणि लिहिलं: ‘सीता, नग एक, स्थिती: भिजलेली.’

मार्चमध्ये साहेबांनी मोजणी केली. सीतेपुढे बरोबरची खूण केली, ‘भिजलेली’ खोडून ‘सुस्थितीत’ लिहिलं आणि ‘साठा पूर्ण आहे’ असा शेरा मारला. या वेळी महादूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते शेऱ्यामुळे नव्हतं. त्याला सीता घरी हवी होती. पेज त्याला जमत नव्हती, आणि उघड्या घरात बोलायला मांजरही उरलं नव्हतं.

तो मुद्दाम उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला. “घराक चल गो.”

“आदेश घेवन येवा आधी,” सीता आतून म्हणाली. “हंय पाणी गळणा नाय. तीस वर्सांत पयल्यांदाच माका कोणी जपून ठेवल्यान.”

आदेशासाठी प्रस्ताव गेलेला आहे. सीतेला कोणत्या आपत्तीसाठी बाहेर काढायचं, एवढाच खुलासा वरून मागवला आहे.

महादू या मे महिन्यात निवृत्त होत असून त्याची जागा भरायची आहे. शिक्षणाची अट नाही. पात्रता एकच: घरच्या माणसाला विरलेल्या चादरीवर झोपवून उमेदवाराने नवी चादर पाहुण्यांसाठी घडी करून ठेवलेली असावी. वाचकहो, आपल्या कपाटाची वरची फळी पाहून आपली निवड झालेली आहे. अर्जाची गरज नाही. हजर होताना ताडपत्री घरची आणावी.