मुंगळा, गांधीलमाशी, विंचू

आमचे रामटेके डॉक्टर कुठलाही त्रास मुंगळ्यात मोजतात. जिल्ह्याच्या मिटिंगहून आले की बॅग ठेवता ठेवता सांगतात, "आज दोन मुंगळे." खड्ड्यांच्या रस्त्याला गांधीलमाशी. माझ्या हातच्या चहाला त्यांनी एकदा विंचू दिला. तेव्हापासून चहा तेच करतात.

मी कुरखेड्याच्या दवाखान्यात रक्त तपासते. डॉक्टर सिकलसेलवर संशोधन करतात. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं अशी दुखतात की माणूस बसल्या जागी लोळतो. हे दुखणं कधी वाढतं, कशानं वाढतं, ते पेशंटच्या तोंडून लिहून घ्यायचं काम डॉक्टर करतात.

पुस्तकी पद्धत अशी की, दहापैकी किती दुखतं ते विचारायचं. पहिल्याच दिवशी एका आजीनं त्यांनाच उलट विचारलं, "दहा काऊन? मले त एकाच जागी दुखून राह्यलं."

डॉक्टरांनी आकडे खोडले आणि तिथं चित्रं काढली. मुंगळा, मग गांधीलमाशी, मग विंचू. विंचवाला लोक खेकडा समजत, इतकी ती वाईट होती, पण उत्तरं नीट यायला लागली. पुण्याच्या एका परिषदेत पडद्यावर तो मुंगळा आला तेव्हा सभागृह हसलं म्हणे. नंतर जेवणाच्या रांगेत तिघांनी येऊन तोच कागद मागून नेला.

या रक्ताच्या मागं तुम्ही कसे लागलात, म्हणून मी एकदा विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना स्वतःचंच रक्त काचेवर घेऊन, त्यात प्राणवायू ओढून घेणारं औषध टाकून बघायला लावलं. इतरांचं आटोपलं, पोरं कॅन्टीनला गेली. डॉक्टरांच्या काचेवर पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. बाईंनी पुढची तपासणी केली आणि समजावलं, तू नुसता वाहक आहेस, तुला त्रास नाही, पण घरात कुणाला तरी असू शकतो. ज्यांना असतो त्यांचे सांधे गार पाण्यात, थंडीवाऱ्यात फार धरतात. एवढं सांगून डॉक्टर काचा धुवायला उठले. वर्गातले बाकीचे पुढं हृदयाकडे, डोळ्यांकडे वळले आणि यांनी मात्र रक्तच धरलं, ते आजतागायत.

दरवर्षी रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसात डॉक्टर आठ दिवसांची रजा घेतात. आम्हाला वाटायचं, परिषदेला जातात. यंदा नेमकी एका कागदावर त्यांची सही हवी होती आणि फोन लागेना. माझं माहेर मार्कंड्याकडं, त्यांचं गाव वाटेवर, म्हणून मीच निघाले.

डॉक्टर बांधीत, धानाच्या पाणी भरलेल्या वाफ्यात, उभे होते. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात धानाचं रोप, आजूबाजूला रोवणाऱ्या बाया. बायांच्या रांगा सरळ, यांची नदीसारखी वळत गेलेली. बांधावर छत्री घेऊन त्यांची थोरली बहीण कांताबाई बसली होती. तिनं मला शेजारी बसवून घेतलं.

"मले सिकल हाये," ती म्हणाली. "लहानपणी रोवण्यात उतरलो का पाय धरत. मंग घरी लोळत राहो. सारे कामचोर म्हनत. हा बी म्हने."

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला एका शनिवारी तो अचानक घरी आला आणि तिचं रक्त घेऊन गेला. अहवाल घेऊन परतला तेव्हा दारातच उभा राहून रडला. तेव्हापासून तिच्या वाट्याचा रोवणा तोच करतो.

"माफी तोंडानं कधी नाई मांगितली त्यानं," ती म्हणाली. "दर साली येते, रोवणा करून जाते."

गोळ्या नियमानं सुरू झाल्यापासून तिला क्वचितच भरती व्हावं लागतं, आणि यंदा तर एकदाही नाही, हेही तिनंच सांगितलं.

तेवढ्यात बांधीतून डॉक्टरांनी विचारलं, ताई, आता बरोबर आहे का. कांताबाई छत्री मिटून उठली आणि कुणाचा हात न धरता, निसरड्या बांधावरून चालत, रांग कुठं वाकली ते दाखवायला गेली.